नर्सिंगच्या शिक्षकांना संशोधनाला वेळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात एम.एस्सी.चे प्रबंध ओळीने लावलेले असतात. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. त्यातल्या बऱ्याच प्रबंधांचा साचा एकच: एखाद्या आजाराच्या माहितीवर आधी चाचणी, मग तासाभराचं शिकवणं, आठवड्याने पुन्हा तीच चाचणी आणि निष्कर्ष, माहिती वाढली. ती वाढणारच! पण त्यामुळे हाडांच्या (ऑर्थो) वॉर्डातल्या म्हाताऱ्या आजींचा बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, टळला का, सलाइनच्या जागी हात सुजणं कमी झालं का, हे बघायचं तर महिनोन् महिने नोंदी ठेवाव्या लागतात. हे प्रश्न आमचेच आहेत. डॉक्टर राउंड घेऊन जातात, रात्रभर खाटेजवळ नर्स असते.

मी स्वतः या क्षेत्रात शिकवते. सकाळी विद्यार्थिनींबरोबर वॉर्ड, केअर प्लॅन तपासणं, दुपारी लेक्चर, मग प्रॅक्टिकलच्या फायली. इन्स्पेक्शन आलं की रजिस्टरं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. ट्यूटरची जागा रिकामी राहिली की तिची वॉर्डातली कामंही उरलेल्यांच्याच वाट्याला येतात. मग संशोधनाचा पेपर लिहायचा तो रात्री, घरचं आवरून.

बढतीसाठी मात्र पेपर मोजले जातात. म्हणूनच ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’ म्हणणाऱ्या नियतकालिकांचं फावतं. 2018 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) आपल्या मान्य यादीतून निकृष्ट दर्जा, खोटे दावे अशा कारणांवरून 4,305 नियतकालिकं काढून टाकली, यावरून हा रोग सगळ्याच विषयांत किती पसरला होता ते कळतं. नव्या शिक्षिकेला दोष देऊन काय उपयोग? तिला चांगला पेपर लिहायला शिकवलंय कोणी?

आठवड्यातला एक दिवस शिक्षकाला वॉर्डातल्या अभ्यासासाठी मोकळा द्या, आणि तो खरोखर मोकळा राहू द्या. आकडेमोडीसाठी शेजारच्या मेडिकल कॉलेजमधल्या पीएसएम (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातलं कुणीतरी ठरावीक वेळी भेटावं. संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीने अर्ज महिनोन् महिने अडकवू नयेत. वॉर्डातल्या ज्या सिस्टर नोंदी ठेवतात, त्यांचं नाव पेपरवर सहलेखक म्हणून यावं. आज बहुधा आभारातच उरकतात. आणि बढतीच्या वेळी पाच पेपरांचा गठ्ठा न बघता, रुग्णाच्या उपयोगी पडलेला एक अभ्यास बघा.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हा एक दिवस शिक्षकांच्या कार्यभारातच धरावा, अशी कळकळीची विनंती.

– एक नर्सिंग शिक्षिका, सातारा