दाखला ब्लॉकचेनवर टाका, पण आमचा आधार नंबर नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा म्हापशात एका झेरॉक्सवाल्याकडे गेलो होतो, वरची खोली भाड्याने दिलीय त्याचा पोलिसांचा भाडेकरू फॉर्म प्रिंट करायला. पोराने माझी फाइल शोधायला डाउनलोड्स उघडलं तर स्क्रीनभर नुसती आधारकार्डं, 'आधार नवीन', 'आधार फायनल', त्यात एक आमच्या वाड्यावरचंच. त्याला मी काय बोलणार, तीन वर्षांमागे सोडून गेलेल्या भाडेकरूचं कार्ड माझ्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अजून पडून आहेच की.

हल्ली जो तो सांगतो, सगळे दाखले ब्लॉकचेनवर टाका, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांवर एकदम ठेवलेल्या सामायिक नोंदवहीत, कोणाला छेडछाड करता येणार नाही. अहो, पण मग पुसताही येणार नाही! नाव-जन्मतारीख एकदा तिथे गेली की गेली. यावर उत्तर येतं, नंबर नाही हो, त्याचा हॅश ठेवू, म्हणजे गणिताने नंबरावरून बनवलेला ठसा, हॅशवरून नंबर उलटा काढता येत नाही. खरंय, पण आधार १२ आकडी, त्यातला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून ठरतो, म्हणजे शक्यता १० हजार कोटींच्या आतच, आणि साधा हॅश असला तर गेम खेळायचा बरा कॉम्प्युटर एकेक नंबर लावून बघत चहा उकळेपर्यंत सगळं संपवेल.

चेनवर ठेवायचंच तर दाखला देणाऱ्या ऑफिसची पब्लिक की, म्हणजे त्यांची डिजिटल सही तपासायची जाहीर किल्ली ठेवा, कुठला दाखला रद्द झाला त्याची खूण ठेवा, बस्स. मामलेदाराचा रहिवासी दाखला माझ्या फोनमध्येच राहू दे. कसिनोच्या गेटवर २१ पूर्ण झालीत का एवढंच हवं ना, मग घरचा पत्ता कशाला? जन्मतारीख न दाखवता हे सिद्ध करता येतं, त्यामागचं झिरो नॉलेज प्रूफचं गणित १९८५ पासूनचं आहे. भूतानने २०२३ मध्ये फोनमधल्या वॉलेटवर, म्हणजे दाखले ठेवायच्या अ‍ॅपवर चालणारी राष्ट्रीय डिजिटल ओळख सुरू केली, आपण अजून झेरॉक्सच्या लाइनीत.

फोन हरवला तर काय, हेही आधी ठरवा, आणि आमच्या आईकडे बटणाचा फोन आहे, तेव्हा कागदी दाखला बंद करू नका.

तोवर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. त्या पोराला मी माझी फाइल रिसायकल बिनमधूनसुद्धा काढायला लावली, जरा वैतागलाच तो. भाडेकरूचं कार्ड त्याच रात्री पुसलं.

आपला,
एक घरमालक, म्हापसा