कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या त्या दादांचे आभार

माझ्या कृत्रिम पायाचा घोटा वाकत नाही. त्याची जुळणी बुटाच्या टाचेच्या उंचीवर केलेली असते; टाच सपाट झाली की नडगीच्या जागची नळी मागे कलते, गुडघा मागे ढकलला जातो आणि सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय बसतो त्या खोबणीत, भलत्या जागी दाब येतो. महाद्वार रोडवर बुटाचा तळ सुटला आणि नेमकं हेच झालं.

चप्पल लाईनमधल्या एका कारागीर दादांनी आधी स्टूल दिलं. तुटक्या बुटाची टाच दोऱ्यानं मापली, नव्या चपलेला चामड्याचे थर चढवले, मागून पट्टा शिवला. मग मला चालवून बघितलं. एक थर जास्त वाटला, तो काढला. गिऱ्हाईक ताटकळलेलं, पण घाई नाही. पैसे फक्त चपलेचे! "थराचं काय घ्यायचं वो?"

दादा, मनापासून आभार. नंतर पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञांनी तपासलं. जुळणीचा एकही स्क्रू फिरवावा लागला नाही.