मन्याला पत्र: गायब फ्रेमची गोष्ट

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय मन्या,

आठवडाभर तुझा फोन आला की ‘नंतर करतो’ म्हणत होतो. रागावला असशील. पण चार दिवस एका भुताटकीने पछाडलं होतं, आणि हे रडगाणं घरात कुणाला सांगणार?

आमच्या प्रोग्राममध्ये बदलांचा लॉग ठेवणारी ‘नोंद’ नावाची मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा) आहे. चार वर्षांपूर्वी मीच लिहिलेली, त्यामुळे शिव्या कुणाला घालायच्या हा प्रश्न मिटला. बोलावणाऱ्या मेथडचं नाव कुणाला हाताने लिहायला लागू नये म्हणून ती स्टॅकवर, म्हणजे चालू असलेल्या मेथडींच्या उतरंडीवर, एक पायरी (फ्रेम) वर चढून नाव वाचायची. स्टॅकफ्रेम(1), झालं काम! तेव्हा केवढी कॉलर ताठ केली होती मी.

परवा क्लायंटने विचारलं, दर बदलल्याच्या नोंदीत ‘दरबदल’ऐवजी ‘बिलतपासणी’ का दिसतं? ‘बिलतपासणी’ ही ‘दरबदल’ला बोलावणारी. म्हणजे मधली पायरीच गायब. माझ्या मशीनवर एफ५ दाबून चालवलं तर सगळं बरोबर. सर्व्हरवर सर्व्हिस रीस्टार्ट केली तर सुरुवातीच्या नोंदी ठीक, थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी बघायला गेलो की शहाण्यासारखं वागणारं पोर!

गुन्हेगार जिट कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालतानाच कोड मशीनच्या भाषेत आणणारा. ‘दरबदल’ दोन ओळींची, म्हणून त्याने ती ‘बिलतपासणी’च्या पोटात विरघळवली, म्हणजे इनलाइन केली. वेगळा कॉलच उरला नाही, तर फ्रेम कुठली? सुरुवातीला ठीक चालायचं, कारण डॉटनेट कोअर (आमचा कोड ज्यावर चालतो ते) 3.0 पासून मेथड आधी घाईघाईत, ऑप्टिमाइझ न करता कंपाइल होते आणि साधारण 30 कॉल झाले की मागच्या मागे नीट. आणि एफ५ने सुरू केलं की व्हिज्युअल स्टुडिओ, म्हणजे मी कोड लिहितो ते ॲप, हे ऑप्टिमायझेशन मुळातच दाबून ठेवतं. दोन दिवस मी साधूला चोर समजून बसलो होतो.

मग ‘नोंद’वर नोइनलाइनिंगचं ॲट्रिब्यूट, म्हणजे ‘हिला इनलाइन करू नकोस’ अशी पाटी, लावलं. फरक शून्य. कारण त्याने ‘नोंद’ची स्वतःची फ्रेम शाबूत राहते, आणि मला हवी होती तिला बोलावणारीची. ते ‘दरबदल’वरही लावायला हवं.

त्यातच टेल कॉल आठवला. मेथडचं शेवटचं काम दुसरीला बोलावणं असेल, तर कंपायलर कॉल न करता सरळ उडी मारू शकतो, बोलावणारीची फ्रेम पुसून. आणि त्याचं चुकत नाही, मन्या. तिथे परत येऊन करायचंच काही नाही, तर परतीचा पत्ता जपायचा कशाला? स्टॅक म्हणजे काम झाल्यावर कुठे परतायचं याची चिठ्ठी. तुला कुणी बोलावलं याचा पुरावा म्हणून तो कुणी मांडलेलाच नाही. ते आपण आपल्या मनाने त्याच्या गळ्यात मारलेलं. रनटाइम लिहिणाऱ्यांना मात्र आपली खोड ठाऊक आहे. सोर्स उघडून पाहिला, तर ज्या मेथडवर नोइनलाइनिंग आहे तिच्यातून जिट आपणहून टेल कॉल करत नाही. कारणही कॉमेंटमध्ये दिलंय: लोकांना ही मेथड स्टॅकट्रेसमध्ये दिसायला हवी असते म्हणून ते हे ॲट्रिब्यूट लावतात. वाचून हसूच आलं.

पण साठ-सत्तर मेथडींवर ही पाटी कोण ठोकत बसणार, आणि उद्या नवा पोरगा एकीवर विसरला की? शेवटी ‘नोंद’ला कॉलरमेंबरनेमचं पॅरामीटर दिलं. बोलावणारीचं नाव कंपाइल होतानाच कॉलच्या जागी शब्दशः लिहिलं जातं, स्टॅककडे बघायचंच नाही. ॲसिंक (मध्येच थांबून नंतर पुढे चालू होणाऱ्या) मेथडींच्या नोंदीत आधी ‘मूव्हनेक्स्ट’ असलं काहीतरी यायचं, तिथेही आता खरं नाव येतं. फक्त प्लगइन लोड करताना ‘कोणत्या असेंब्लीतून (कंपाइल झालेल्या फाइलीतून) बोलावलं’ ते बघावं लागतं, तिथे दोन मेथडींवर नोइनलाइनिंग ठेवलंय, वर मोठी कॉमेंट लिहून.

रिव्ह्यूत आमच्या नव्या पोरीने विचारलं, “सर, हे कॉलरमेंबरनेम तर सी शार्प 5 पासून, 2012 पासून आहे ना?” मी चहा आणायला उठलो.

बुधवारी संध्याकाळी मोकळा आहे. फोन कर, या वेळी नक्की उचलतो. वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझाच,
बंड्या