काचेतला फोटो

ठाणे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल ऑफिसला जाताना तुझी फोटोग्राफीची वेबसाइट उघडली. ठाण्याला वाशीच्या गाडीत खिडकी मिळाली होती, म्हटलं निवांत बघू. पहिला फोटो पूर्ण दिसेपर्यंत ऐरोली आली. कॅमेऱ्यातले ६००० पिक्सेल रुंदीचे फोटो तू तसेच चढवलेस का गं? दादा म्हणतो, लांब बाजू २०४८ केलीस तरी फोनवर काही उणं दिसणार नाही. डोहाळेजेवणातली हिरवीगार साडी माझ्या फोनवर मळकट दिसते, तेही त्याला विचारलं. फोटो अ‍ॅडोब आरजीबी या रंगपद्धतीत राहिला असेल, फोनवर नीट दिसणाऱ्या एसआरजीबी रंगपद्धतीत काढून चढव म्हणाला.

साइट उघडली की आधी खाडीतले फ्लेमिंगो दिसतात. सुरेख आहेत. त्यांच्यासाठी अंधारात उठून गेली होतीस, मला ठाऊक आहे. पण लेकीच्या डोहाळेजेवणाला फोटोग्राफर शोधणाऱ्या बाईला वाटेल, ही पक्ष्यांचे फोटो काढते. तिला पहिल्यांदा तो ओटीचा फोटो दिसू दे. आजींच्या थरथरत्या ओंजळीतून तांदूळ पदराबाहेर सांडतायत, आणि ती मुलगी आजींचे हातच धरून ठेवतेय, तो. मी तो कितीदा पाहिला असेन! आणि तू तो पार शेवटी टाकलायस.

'आम्ही क्षण अमर करतो' हे काढून टाक. त्यापेक्षा तुझं नाव लिही, स्वतःचा फोटो लाव, कुठवर येतेस, फोटो किती दिवसांत देतेस, दर कुठून सुरू होतो ते लिही. दर लिहायला तुला अवघड वाटतं, पण विचारायला संकोच वाटतो म्हणून फोनच न करणारी माणसं आपल्या घरातही आहेत. तुझी मावशीच बघ. घरचा पत्ता मात्र नको, एकटी राहतेस. गुगलच्या व्यवसाय प्रोफाइलवर पत्ता लपवून नुसता कामाचा भाग दाखवता येतो.

आता एक गोष्ट, जी तुला कधी सांगितली नाही. लग्नानंतर दोनेक महिन्यांनी जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन येत होते. एका स्टुडिओच्या काचेत मी मलाच पाहिलं. पाठवणीचा फोटो, भलामोठा केलेला. नाक लाल, डोळे सुजलेले, आईच्या खांद्यावर डोकं. येणारेजाणारे थांबून बघत होते. आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. तुझ्या बाबांनी तो उतरवायला लावला, तरी पुढे कित्येक दिवस मी त्या रस्त्याने गेले नाही.

म्हणून काल ऑफिसातल्या साहेबांना मुद्दाम विचारलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ त्यांनी काढून दाखवलं. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या फोटोंचा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. तेव्हा बुकिंगच्या कागदावरच लिहून घे, कोणते फोटो साइटवर लावलेले चालतील. आणि हक्क कागदावर कुणाचाही असो, रडणाऱ्या माणसाचा फोटो त्या माणसाला दाखवल्याशिवाय लावू नकोस.

ओटीच्या फोटोसाठी त्या मुलीला विचारलं असशील. आजींना विचारलंस का? रविवारी येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. त्यांना फोन इथूनच करू, मीही बोलेन.

तुझी,
आई