दोन सफरी जोडताना फक्त तारखा पाहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला क्रूझ पर्यटनावरचा लेख वाचला. एकाच जहाजाच्या लागोपाठच्या दोन सफरी आरक्षित केल्या की पंधरवड्याचा लांब प्रवास पदरात पडतो, असं त्यात सुचवलं आहे. सूचना चांगली आहे. मी वास्कोचा. उमेदीची वर्षं परदेशी प्रवासी जहाजांवर रिसेप्शनच्या काउंटरमागे काढली. अशा प्रवाशांना आम्ही ‘बॅक-टू-बॅक’ म्हणायचो आणि त्यांतले बहुतेक जण समाधानाने उतरायचे. पण याच काउंटरसमोर रडकुंडीला आलेली माणसंही मी पाहिली आहेत आणि त्यांत आपल्याकडची वयस्कर जोडपीही होती. आज गोव्यात मुलं परदेशात असलेले, पेन्शनीतून पैसे बाजूला टाकून असा प्रवास ठरवणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांच्यासाठी हे पत्र.

आमच्या वडिलांच्या पिढीने पणजीहून मुंबईला आगबोटीने प्रवास केला. वाटेत कोकणातली बंदरं घेत ती जायची, पण तिकीट एकच. त्यामुळे जहाज एक म्हणजे प्रवास एक, असं आपण धरूनच चालतो. क्रूझ कंपनीच्या हिशेबात मात्र त्या दोन स्वतंत्र सफरी असतात. बुकिंग क्रमांक दोन, पैसे भरायच्या मुदती दोन, रद्द करण्याचे नियमही वेगळे लागू. आजारपणामुळे पहिली सफर रद्द केलीत तर दुसरी आपोआप रद्द होत नाही. इंटरनेटचं पॅकेज पहिल्या सफरीबरोबर संपतं. म्हणून दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडून घ्या आणि दोन्हींसाठी केबिन तीच मागा. केबिन कंपनीने ठरवायची, असं स्वस्तातलं ‘गॅरंटी’ तिकीट घेतलंत तर तीच केबिन मिळेल याचा भरवसा नाही. प्रवास विमा मात्र एकच घ्यावा, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा. औषधंही पूर्ण मुदतीची हवीत. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल बहुधा डॉलरमध्ये येतं. कधीकधी कंपनी तोच पंधरवडा एक सलग सफर म्हणूनही विकते. दोन्ही भाव विचारा, कोणता कमी निघेल ते सांगता येत नाही.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो मधल्या दिवशी, म्हणजे पहिली सफर संपून दुसरी सुरू होते त्या दिवशी. सकाळी हजारो माणसं उतरतात, दुपारी तेवढीच चढतात, आणि पुढे जाणारे तुम्ही अध्येमध्ये. तुमचं जहाजावरच्या खर्चाचं खातं बंद होऊन पैसे बँकेच्या कार्डातून वळते होतात, दुसऱ्या सफरीचं जहाजावरचं नवं कार्ड हातात येतं. अमेरिकेच्या बंदरात तर जहाजावरचा प्रत्येक प्रवासी उतरून मोजणी शून्यावर यावी लागते. पुढे जाणाऱ्यांना एका लाउंजमध्ये जमवून आम्ही एकत्र बाहेर नेत असू. ते पासपोर्ट दाखवून थांबत आणि शून्य झालं की नव्या प्रवाशांच्या आधी आत येत. यात सकाळचे दोन-तीन तास सहज जातात. गुडघे दुखणाऱ्यांनी व्हीलचेअर आदल्या दिवशीच सांगून ठेवावी. केबिन बदलणार असेल तर बॅगा भराव्या लागतात, पण हँगरवरचे कपडे केबिनचा मुलगा तसेच नेऊन लावतो. हा मुलगा पुष्कळदा आपल्या सासष्टीतला किंवा मुरगावचा निघतो. त्याचं सहा-नऊ महिन्यांचं कंत्राट नेमकं त्याच दिवशी संपत असू शकतं, तेव्हा त्याला द्यायचं ते आणि त्याचे आभार दुसऱ्या सफरीच्या अखेरीपर्यंत लांबवू नका.

आता कायद्याचं, कारण इथे एजंटही फसतात. अमेरिकेत १८८६ सालापासून एक कायदा आहे. परदेशी झेंड्याचं जहाज एका अमेरिकी बंदरात चढलेल्या प्रवाशाला दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवू शकत नाही. वाटेत दूरचं परदेशी बंदर लागलं तरच चालतं, आणि कॅनडा त्यासाठी जवळचा धरला जातो. समजा, अलास्कातल्या व्हिटियरहून कॅनडातलं व्हँकुव्हर ही एक सफर आणि त्याच जहाजाने व्हँकुव्हरहून लॉस एंजेलिस ही दुसरी. सुट्या सुट्या दोन्ही कायदेशीर. जोडल्या की तुम्ही अलास्काहून कॅलिफोर्नियाला गेलात आणि नियम मोडला. दंड कंपनीला होतो आणि कंपनी तो प्रवाशाकडून वसूल करते, किंवा आधीच एक तिकीट रद्द करते. मुलाकडे अमेरिकेला जाऊन पुढे अलास्का बघायचं ठरवणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

युरोपात अडचण व्हिसाची. बार्सिलोनाहून सुटलेलं जहाज दुसऱ्या सफरीत तुर्कस्तानच्या कुशादासीला लागलं की तुम्ही शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर गेलात आणि ग्रीसमध्ये परतताना पुन्हा आत आलात. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे पुरत नाही. व्हिसाचा अर्ज करताना दोन्ही सफरींचा मार्ग जोडून बहुप्रवेशाचा मागायला हवा.

आणखी एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या सफरीच्या सुरुवातीची सुरक्षा कवायत, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम, टाळू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे प्रवासी जहाज कलंडलं आणि ३२ जण गेले. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती, कारण तेव्हा ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं. ‘मागच्या आठवड्यातच केली की’ असं म्हणून केबिनमध्ये बसून राहणारे मी बघितले आहेत. केबिन बदलली असेल तर जमायची जागाही बदललेली असू शकते.

मार्ग निवडताना आलटून-पालटून चालणारी जहाजं बघावीत. मायामीहून एक आठवडा पूर्वेला सेंट थॉमस, सेंट मार्टनकडे आणि पुढचा पश्चिमेला कोझुमेल, ग्रँड केमनकडे, असं असेल तर तीच बंदरं पुन्हा बघावी लागत नाहीत. जेवणाचा मेनू मात्र पुन्हा तोच येईल.

पणजी-मडगावच्या प्रवास कंपन्यांना माझी विनंती आहे. दोन सफरी जोडून विकताना केबिन, व्हिसा, विमा, पैसे भरायच्या मुदती आणि मधल्या दिवसाचा कार्यक्रम मराठीत एका कागदावर लिहून, सही करून गिऱ्हाइकाला द्यावा. आपल्या पुरवणीनेही पुढच्या लेखाबरोबर अशी चौकट छापावी. ती तयार करायला मी आनंदाने मदत करीन.

आपला,
एक निवृत्त जहाज कर्मचारी, वास्को