कपाटाला कुलूप होते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत गोळीबार करणाऱ्या मुलाच्या आईबापांना झालेल्या शिक्षेवरचा तुमचा कालचा अग्रलेख दोनदा वाचला, चहा गार झाला. अमेरिकेतल्या आईबापांना 'संस्कार' शिकवण्याचे तुमचे औदार्य थोर आहे. इतके संस्कार शिल्लक असतील तर थोडे आमच्या गल्लीतही पाठवा.

ऑक्सफर्डच्या त्या आईबापांना १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली, ती योग्यच. (ऑक्सफर्ड अमेरिकेच्या मिशिगन राज्यातले. तुम्ही मथळ्यात नुसतेच 'ऑक्सफर्ड' छापलेत आणि शेजारच्या काकू मला "इंग्लंडात आहे हो ते" म्हणून धीर देत बसल्या.) १५ वर्षांच्या पोराला बापाने पिस्तूल घेऊन दिले, चारच दिवसांत त्याने शाळेत चार मुलांना गोळ्या घालून ठार केले. त्याच सकाळी शाळेने आईबापांना बोलावून त्याने काढलेले बंदुकीचे चित्र दाखवले, तरी त्याला तिथेच ठेवून दोघे निघून गेले. पण म्हणून सगळेच आईबाप तुम्ही एका दावणीला बांधलेत.

माझी मुलगी त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहते. मे २०२२ मध्ये टेक्सासच्या उवाल्डेत शाळेतल्या गोळीबारात १९ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हा मी तिच्याकडेच होते. त्याच आठवड्यात नातवाला वर्गमित्राकडे खेळायला बोलावणे आले. मुलीने फोनवर त्याच्या आईला किती वाजता सोडू, खायला काय देऊ विचारले आणि त्याच सुरात पुढे, "घरात बंदूक आहे का? कुलपात असते ना?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपण फार तर कुत्रा बांधलाय का विचारतो! फोन ठेवून म्हणाली, "दोन आहेत गं आई, तिजोरीत असतात. सोडून येते त्याला." तो परत येईपर्यंत मी खिडकीतून हलले नाही. ती आपली पोळ्या लाटत होती.

तिला तिकडे धाडले मीच. एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारात ३२ जण गेले, त्यात मुंबईची एक विद्यार्थिनी होती. बातमी तुमच्याच अंकात वाचली आणि ऑगस्टमध्ये लेकीला विमानात बसवले. कर्ज काढून, पेढे वाटून. ती नको म्हणाली नाही, पण चार दिवस गप्प होती आणि मी काही विचारले नाही. हा कोणता संस्कार, तेही एकदा लिहा.

मूल घरात असेल तर बंदूक कुलपातच हवी, असा कायदा मिशिगनमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे. त्यासाठी आधी मिशिगन स्टेट विद्यापीठात आणखी तिघे जावे लागले. कित्येक राज्यांत अजून तेवढेही नाही. लिहायचे तर त्या कुलपावर लिहा.

आणि एक. अग्रलेखासमोरच्या पानावर 'अमेरिकेत शिका, विनातारण कर्ज' अशी पाव पान जाहिरात आहे. छापू नका म्हणत नाही, तुम्हालाही पोट आहे. एक दिवस थांबली असती. रविवारच्या शब्दकोड्याचे उत्तरही दोन आठवडे आलेले नाही.

आपली,
एक वाचक, सांगली