दलालाला थांबव

घणसोली,
9 नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

फोनवर तू ‘शेत विकून टाकतो एकदाचं’ म्हणालास आणि मला काही सुचलंच नाही. दिवाळीच्या पावसात कापलेलं भात भिजलं, भाऱ्यातच मोड आले. त्यावर समजूत काय घालणार?

आमची खाडीकाठची खारजमीन आठवते? बांध आणि उघाडी (पाणी सोडायची झडप) राखण्यात आज्याचा जन्म गेला. भरतीचं पाणी आत शिरलं की दोन-तीन वर्षं पीक गेलंच. ‘हवामान बदलाशी जुळवून घेणे’ असलं काही त्याने ऐकलं नव्हतं, पण खारं सोसतं म्हणून लाल भातच पेरायचा. पनवेलच्या संशोधन केंद्राने तसे खास वाण काढले, पण आमच्या शेतात तोवर नवी मुंबईचे सेक्टर उभे राहिले. आता तांदूळ वाशीच्या दाणा मार्केटातून आणतो. 2023 च्या जुलैत सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपल्या घरात कणगी नाही.

तुझ्या खाचरांचं बोलू. चिखलणी करून पाणी तुंबवलं की मातीत हवा राहत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. (म्हणून शेतकऱ्यालाच दोषी धरणाऱ्या एसीतल्या मंडळींचा मला राग येतो, ते सोड.)

चिखलणी टाळायची तर नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांचं भातशेतीचं सगुणा तंत्र बघ. गादीवाफे एकदाच करायचे. नांगरणी, चिखलणी, राब भाजणं, लावणी, सगळं बाद. साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजतात, वाफ्यावर लगेच वाल. मजुरांच्या मिनतवाऱ्या वाचतात. गोम तणात आहे: तणनाशक मारावं लागतं, ते मला खटकतं. आणि भिजलेल्या भाऱ्यांवर हा उपाय नव्हे. त्यासाठी सगळं हळवं (लवकर पिकणारं) लावू नकोस, थोडं गरवं (उशिरा पिकणारं) ठेव. पाऊस दोघांना एकदम गाठत नाही.

दलालाला पुढच्या दिवाळीपर्यंत थांबव. पाच गुंठ्यांत करून बघू, बियाणं माझ्याकडून. रविवारी तू मुरबाडहून नेरळला ये, मी ठाण्याहून कर्जत लोकल धरतो. येताना काकूंना सांग, त्यांचे वाल भिजत घातलेत, पण सोलायला घरात कोणी तयार नाही.

तुझा,
दिन्या